चिनी श्रावणबाळ

प्रत्येकाच्या गावच्या घरात एक तरी अशी वस्तू असते, जी तिथे कशी आली हे कुणालाच धड सांगता येत नाही. कुणाकडे जर्मन घड्याळ असतं, कुणाकडे बेल्जियमचा आरसा. आमच्याकडे चिनी श्रावणबाळ आहे.

आमचं गाव कापडे. मुंबई-गोवा हायवेवर पोलादपूरपर्यंत यायचं. सरळ गेलात तर कशेडी, डावीकडे वळलात तर महाबळेश्वर. आम्ही डावीकडचे. तिथल्या घराच्या ओटीवर, आजोबांच्या फोटोच्या बाजूला, लाकडी चौकटीत बसवलेली चिनी मातीची एक पाटी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. इंग्रजीत तिला ‘प्लाक’ म्हणतात, पण प्लाक म्हटलं की मला डेंटिस्ट आठवतो, म्हणून आपली पाटीच बरी.

पाटीवर डावीकडे एक तरुण आहे. खांद्यावर कावड, मागे एक बैल. उजवीकडे ढगांवर उभी असलेली एक देखणी बाई, वाऱ्यावर उडणारे शेले. दोघांच्या मधून लाटांचा एक पट्टा गेलाय आणि त्यावर पक्ष्यांचा थवा. चेहरे चिनी, कपडे चिनी, पण खांद्यावर कावड म्हटल्यावर आजोबांनी निकाल देऊन टाकला होता, ‘हा चिनी श्रावणबाळ.’ घरात कुणी वाद घातला नाही. आजी सोडून.

आजीचं म्हणणं, “श्रावणबाळाच्या कावडीत म्हातारी माणसं असतात. ह्याच्या टोपल्यांत तर पोरं हायत. नि ती बाई कोन? श्रावणबाळाची बायको कधी कुनी बघितलीय?”

पॉइंट होता. पण आजोबा मुंबईला साचेखात्यात काम करणारे, पेपर वाचणारे. त्यामुळे केस त्यांनी जिंकली आणि पाटी श्रावणबाळ म्हणून ओटीवर लटकली, ती लटकलीच.

गोधडीत गुंडाळून

जुलै २०२१ मध्ये आमच्या भागात काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. महाड तालुक्यातलं तळीये, पोलादपूर तालुक्यातलं केवनाळे आणि साखर-सुतारवाडी. डोंगर खाली आला आणि घरंच्या घरं गाडली गेली. तेव्हापासून बाबांनी ठरवून टाकलंय की पाऊस सुरू व्हायच्या आत आजीला डोंबिवलीला आणायचं आणि गणपतीला परत न्यायचं. आजी दर वर्षी कुरकुरते, दर वर्षी येते.

गेल्या वर्षी तिला आणायला मी गेले होते. गाडीत बसताना तिने अचानक फर्मान काढलं, “श्रावणबाळ पन घे. भिंतीला ओल येती.” मग गोधडीत गुंडाळून, मागच्या सीटवर बेल्ट लावून श्रावणबाळ मुंबईला निघाले.

घरात आयती वस्तू आली की चुलतभावांना तिची किंमत कळून घ्यायची असते, तसं झालं. ‘अँटिक असेल, लाखात जाईल,’ अशी व्हॉट्सअॅपवर चर्चा. शेवटी एका शनिवारी मीच ती पिशवीत घालून चोरबाजारात मटन स्ट्रीट गाठली. जुन्या चिनी मातीचं सामान ठेवणाऱ्या एका चाचांनी चष्मा वर केला, भिंग लावलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, “मॅडम, श्रावणकुमार नहीं है ये. चायनीज लव्ह स्टोरी है.”

मी तिथेच स्टुलावर बसले.

गुराखी आणि विणकरीण

त्या रात्री मी झोपले नाही. गोष्टच अशी आहे.

चीनमध्ये ही कथा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. न्यूलांग म्हणजे गुराखी आणि झिन्यू म्हणजे विणकरीण. ती स्वर्गातली, ढगांची वस्त्रं विणणारी. हा पृथ्वीवरचा, भावाने घराबाहेर काढलेला गरीब पोरगा, जवळ फक्त एक म्हातारा बैल. बैल एक दिवस बोलायला लागतो. नदीवर अप्सरा आंघोळीला येतील, त्यातल्या एकीचे कपडे लपव, असं सांगतो. (आपल्याला हा सीन कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो ना?) दोघांचं लग्न होतं, दोन मुलं होतात, संसार छान चालतो. मग स्वर्गाच्या राणीला पत्ता लागतो आणि ती विणकरणीला उचलून नेते.

गुराखी मुलांना दोन टोपल्यांत घालतो, कावड खांद्यावर घेतो आणि आकाशात तिच्या मागे धावतो. आता गाठणार, इतक्यात राणी केसातला आकडा काढते आणि आकाशावर एक रेघ ओढते. त्या रेघेची नदी होते. आपण तिला आकाशगंगा म्हणतो. ती या काठावर, तो त्या काठावर. पुढे राणीला थोडी दया येते आणि वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री, भेटायची परवानगी मिळते. त्या रात्री मॅगपाय नावाचे, कावळ्याच्या जातकुळीतले पक्षी एकमेकांना चिकटून नदीवर पूल करतात. लोक म्हणतात, त्यानंतर त्या पक्ष्यांच्या डोक्यावरची पिसं झडलेली दिसतात, कारण त्यांच्यावर पाय देऊन दोघं चाललेली असतात. आणि त्या रात्री पाऊस पडला तर तो दोघांच्या डोळ्यातला.

म्हणजे आजीचं बरोबर होतं. टोपलीत पोरंच होती.

पण थांबा, आजोबाही चुकले नव्हते. ही दोघं आकाशात तारे होऊन राहिली आहेत. विणकरीण म्हणजे आपला अभिजित आणि गुराखी म्हणजे... श्रवण! श्रवणाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक तारा दिसतो. चिनी लोकांना त्यात कावडीतली दोन मुलं दिसतात, आपल्याकडे त्या तिघांत कावड घेतलेला श्रावणबाळ पाहतात. एकच तीन तारे, एकच कावड. हिमालयाच्या या बाजूला टोपल्यांत आई-बाप, त्या बाजूला लेकरं. आजोबांना यातलं काही माहीत असण्याची शक्यता शून्य, तरी श्रवणाला त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

ती सातवी रात्र बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुद्ध सप्तमीच्या आसपास येते. २०२४ साली ती १० ऑगस्टला होती, आपल्या नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. चिनी भाषेत तिला ‘छीशी’ म्हणतात. आपल्या मंगळागौरीच्या दिवसांत तिकडच्या मुली चंद्राच्या उजेडात सुईत दोरा ओवायच्या आणि विणकरणीकडे हातात कसब मागायच्या. आता दुकानदारांनी त्याचा चिनी व्हॅलेंटाइन डे केलाय. गुलाब, चॉकलेट, कपल डिनर, सगळं.

भट्टीतली लव्ह स्टोरी

अशा पाट्यांचं माहेर म्हणजे च्यांगशी प्रांतातलं चिंगदचन हे गाव. शेकडो वर्षं तिथे एकच धंदा, चिनी माती. तिथून जवळच गावलिंग नावाचं खेडं आहे. या मातीला सगळं जग ‘केओलिन’ म्हणतं ते त्या खेड्यावरून.

तुम्हाला वाटेल, फुलदाणी घडवणं कठीण आणि सपाट पाटी सोपी. उलटं आहे. फुलदाणी तिच्या गोलाईमुळे भट्टीत तग धरते. सपाट पाटी तेराशे अंशांच्या आसपासच्या आगीत पापडासारखी वाकते, तडकते. त्यामुळे मोठी आणि सरळ पाटी निघणं हीच कमाई. ती आधी पांढरी, चकचकीत भाजून घ्यायची. मग त्या चकाकीवर कागदावर काढावं तसं चित्र काढायचं आणि रंग पक्के व्हायला कमी आंचेवर पुन्हा भाजायचं. यातला तो गुलाबी रंग आहे ना, तो सोन्यापासून करतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो तिथे रुळला आणि विषयांची चंगळ झाली. नायिका, विरहिणी, बागेत चोरून भेटणारी प्रेमी युगुलं, मेल्यावर फुलपाखरं झालेली जोडी. १९२८ साली चिंगदचनच्या काही चित्रकारांनी मिळून एक मंडळ काढलं, ‘चूशानचे आठ मित्र’ म्हणून ते ओळखले जातात. त्यांनी अशा पाट्यांना चित्रकलेचा मान मिळवून दिला. त्यांच्यातला वांग छी माणसं रंगवण्यात उस्ताद होता.

आमची पाटी अर्थातच त्यांच्यापैकी कुणाची नाही. चाचांच्या मते विसाव्या शतकातलं बाजारू काम, कोपऱ्याला टवका, आणि सोनेरी काम अर्धं गेलेलं. “किसी ने खटाई लगाया है,” ते म्हणाले. बरोबर. दर दसऱ्याला आजी तिला चिंच लावून घासत असे. किंमत? चांगल्या मोबाइलचीसुद्धा यायची नाही. चुलतभावांचा ग्रुप एकदम शांत झाला.

तुमच्या घरात असं काही असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, भिंगातून बघा. रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ते छापलेलं, कुंचल्याचे फराटे दिसले आणि बोटाला रंग किंचित वर आलेला लागला तर हाताने रंगवलेलं. दोन, चिंच, लिंबू, राख, घासणी, काही म्हणजे काही लावायचं नाही. मऊ फडकं पुरे. आणि खरा उत्तम माल बघायचाय? मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन आणि सर दोराब टाटांच्या संग्रहातून आलेली चिनी भांडी आहेत. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली चित्रं आहेत. ती कला चीनमधूनच समुद्रामार्गे आपल्या किनाऱ्यावर उतरली.

मुंबईत चिनी वस्तू येणं काही नवलाचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात इथून कापूस आणि अफू कँटनला जायची, तिकडून चहा, रेशीम आणि चिनी माती यायची. जमशेटजी जीजीभाईंसारखे व्यापारी त्यातूनच मोठे झाले. पारशी बायकांच्या गारा साड्यांवर भरतकामातली ‘चिना-चिनी’ची जोडी असते, ती याच वाटेने आली. पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या आणि त्यांचं सूत मोठ्या प्रमाणावर कुठे विकलं जायचं, तर चीनलाच.

गिरण्या म्हटलं आणि मला एकदम लख्ख दिसलं.

कावड कुणाच्या खांद्यावर?

माझे आजोबा विणकर होते. लालबागला साचेखात्यात, धोट्याच्या खडखडाटात तीस वर्षं. राहायला गाववाल्यांच्या गाळ्यात, जेवायला खानावळीत. आणि कापड्याला आजी. गोठ्यात गुरं, शेतात भात आणि नाचणी, पदरात मुलं. विणकर त्या काठावर, गुराखीण या काठावर, मध्ये दोनशे किलोमीटर आणि एसटी. भेट गणपतीला, कधी शिमग्याला. फक्त आमच्याकडे पात्रं उलटी होती.

हे मी डोंबिवलीत आजीला सांगितलं तेव्हा मला वाटलं, ती हरखून जाईल. आपलीच गोष्ट चाळीसहून जास्त वर्षं ओटीवर टांगलेली! मी आपली रंगात येऊन सांगत होते, पक्ष्यांचा पूल, वर्षातून एक रात्र, किती रोमँटिक...

आजी शेंगा सोलत होती. म्हणाली, “एक रात्र मंजी सन. बाकीच्या रात्री कोन मोजतं?”

मग थोड्या वेळाने म्हणाली, “आनि त्या चिनी बाईचं बरं होतं गो. पोरं बापानं उचलली. हितं कावड माझ्या खांद्यावर होती.”

मी गप्प. तीच बोलत राहिली. सांगितलं ते पहिल्यांदाच ऐकत होते. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आजोबा काही महिने मुंबईत थांबले आणि मग ट्रंक घेऊन गावी आले, ते कायमचे. ट्रंकेत कपडे, पितळी डबा आणि ही पाटी. कुठून घेतली, का घेतली, काही बोलले नाहीत. हाताला काम नसलेल्या माणसाने एवढी नाजूक वस्तू एसटीतून मांडीवर आणली, एवढंच आजीला आठवतं.

“मानूस घरी आलं,” आजी म्हणाली, “पन सवय न्हवती. लगीन होऊन पंचवीस-सव्वीस वरसं झालेली, नि दिवस मोजले तर एकत्र दोन वरसं पन भरत न्हवती. ह्यांना पाळीच्या टायमाला जाग यायची, रातच्याला उठून बसायचे. मी माझ्या मनानं गुरांचं करायची, शेतीचं ठरवायची. घरात पाव्हना आल्यागत वाटायचं. त्यांना पन, मला पन. सवय लागाया लई वरसं गेली. नि सवय लागली तवर हे गेले.”

तिने शेंगांची टरफलं गोळा केली आणि आत गेली.

तुम्हाला आता वाटत असेल, ही आजीची गोष्ट इतकी का लावून धरतेय. तर कन्फेशन. माझा नवरा तीन वर्षं हैदराबादला आहे, मी ठाण्यात. ‘एकच वर्ष, मग बघू’ असं म्हणून सुरू झालं होतं. महिन्यातून एक वीकएण्ड, दोन फ्लाइट्स, रोज रात्री व्हिडिओ कॉल. मित्रमंडळी म्हणतात, तुमचं बरंय यार, भांडणं नाहीत, प्रत्येक भेट म्हणजे हनिमून. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. त्याला अजून दोन वर्षांची ऑफर आली होती. पगार सॉलिड वाढणार होता, घराचं लोन लवकर फिटणार होतं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं आणि ते ‘हो’ असणार हे दोघांनाही न बोलता माहीत होतं.

त्या रात्री कॉलवर मी त्याला विचारलं, “आपले एकत्र दिवस किती झाले, मोजूया?”

त्याने हसत कॅलेंडर उघडलं. लग्नाला साडेचार वर्षं. सुट्ट्या, वीकएण्ड, लॉकडाऊननंतरचे ते घरून कामाचे काही महिने, सगळं धरलं. मोजता मोजता तो हसायचा थांबला. मग मी त्याला हळूच विचारलं, तू सकाळी चहा आधी पितोस की ब्रश आधी करतोस? मला खरंच आठवत नव्हतं. अशा गोष्टी वीकएण्डला कळत नाहीत. वीकएण्डला आपण दोघंही पाहुण्यासारखं वागतो. बेडशीट नवीन, मूड चांगला, तक्रारी पुढच्या वेळेसाठी राखून.

चिनी चित्रकार सगळी पाटी भेटीच्या रात्रीवर खर्च करतो, कारण भेट विकली जाते. पक्षी सुंदर दिसतात, शेले सुंदर उडतात. उरलेल्या ३६४ दिवसांची पाटी कुणी रंगवली असती तर त्यात एक बाई मान खाली घालून विणताना दिसली असती आणि एक माणूस दोन पोरांना जेवू घालताना. ती कुणी भिंतीला लावली नसती. आणखी एक. त्या दोघांच्या मध्ये रेघ राणीने ओढली, त्यांचा इलाज नव्हता. आजी-आजोबांच्या मध्ये पोटाने ओढली, त्यांचाही नव्हता. आमची रेघ मात्र आम्हीच एक्सेल शीटमध्ये ओढली होती.

सोमवारी त्याने ‘विचार करायला वेळ हवा’ असं कळवलं. मंगळवारी मी माझ्या ऑफिसात हैदराबादला बदली मागितली. मिळाली तर पद एक पायरी खाली असेल, लोन पाच वर्षं जास्त चालेल आणि मला तिकडे भाजीवालीशी बोलायचीसुद्धा पंचाईत होईल. नाही मिळाली तर त्याने इकडे यायचं, पगार कमी घेऊन. दोघांपैकी कुणी पूल ओलांडायचा यावर अजून घासाघीस चालू आहे. पण ओलांडायचा, हे ठरलंय. हा काही सगळ्यांना द्यायचा सल्ला नाही. ज्यांच्यापुढे खरंच पर्याय नसतो त्यांना रोमान्स शिकवू नये, एवढं मात्र मी शिकले.

गणपतीला आजीला परत कापड्याला नेलं, गोधडीतल्या जोडीसकट. विसर्जनाच्या रात्री पाऊस थांबला आणि आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं. मी आजीला अंगणात खुर्ची टाकून दिली आणि डोक्यावर दाखवलं, तो अभिजित, तो श्रवण, आणि मधून गेलाय तो पांढुरका पट्टा म्हणजे नदी. दोघांच्या मध्ये साधारण १५ प्रकाशवर्षं आहेत, म्हणजे इकडून ‘हॅलो’ म्हटलं तर तिकडे ऐकू जायला १५ वर्षं आणि उत्तर यायला आणखी १५, असंही सांगितलं.

आजीने बराच वेळ वर पाहिलं. मग म्हणाली, “जावयाला फोन लाव. जेवला का इचार.”